गॅलिलिओच्या आयपीसमधला तो ठिपका

पुण्यात राहून दुर्बीण बाळगायची म्हणजे जून ते सप्टेंबर तिच्यावर जुनी चादर टाकून ठेवायची. उरलेल्या आठ महिन्यांत ढग नसतात तेव्हा शहराचे दिवे असतात. दिवे टाळून लांब जावं तर दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचा कॉल असतो. थोडक्यात काय, तर माझं निम्म्याहून जास्त आकाशदर्शन लॅपटॉपवरच होतं.

ह्यासाठी मी वापरतो ते स्टेलॅरियम नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर. एका फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली ते लिहायला घेतलं. ठिकाण सांगा, तारीख-वेळ सांगा, तिथलं त्या वेळचं आकाश समोर हजर. त्यात एक छोटं प्लगिन आहे. आपली दुर्बीण आणि आपला आयपीस यांचे आकडे भरले की पडदा काळा होतो, मध्ये एक गोल उरतो आणि त्या गोलात आपल्याच दुर्बिणीतून काय दिसेल ते दिसतं.

गणित सातवीच्या पोरालाही जमेल असं आहे. माझ्या सहा इंची दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिलीमीटर, आयपीस २५ मिलीमीटरचा. भागाकार केला की ४८, म्हणजे ४८ पट मोठं दिसणार. आयपीसला डोळा लावल्यावर जो गोल दिसतो तो ५० अंशांचा. ५० भागिले ४८, म्हणजे आकाशाचा एक अंशाहून किंचित मोठा तुकडा दिसणार. पौर्णिमेचा चंद्र साधारण अर्ध्या अंशाचा असतो, तेव्हा असे दोन चंद्र शेजारी-शेजारी बसतील. बस्स, एवढंच.

आता गंमत बघा. सॉफ्टवेअरला दुर्बीण कोणाची आहे ह्याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला फक्त आकडे हवेत. मग मागच्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी, बाहेर धो धो चालू असताना, मी विचार केला की गॅलिलिओचे आकडे टाकून बघू.

गॅलिलिओच्या दोन दुर्बिणी फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात आजही आहेत. त्यातल्या एकीचं नाभीय अंतर ९८ सेंटीमीटर आहे, ती साधारण २१ पट मोठं दाखवते आणि तिचं दृष्टिक्षेत्र आहे अवघ्या १५ कलांचं. (६० कलांचा एक अंश.) म्हणजे पाव अंश. म्हणजे अख्खा चंद्रही त्यात एका वेळी मावत नाही! १५ कलांना २१ ने गुणलं की ३१५ कला, सव्वापाच अंश. आजच्या साध्या आयपीसमध्ये ५० अंशांचा गोल दिसतो, गॅलिलिओला दिसायचा तो ५ अंशांचा. हात लांब करून तीन बोटं धरली की जेवढी रुंदी होते, साधारण तेवढा.

आणखी एक. त्याचं डोळ्याकडचं भिंग अंतर्गोल होतं, त्यामुळे चित्र सुलट दिसायचं. माझ्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. तेव्हा प्लगिनमधल्या 'आडवं उलटा', 'उभं उलटा' ह्या दोन्ही खुणा काढून टाकल्या. (ही खुणांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे माझीच फजिती त्यात आहे.)

दुर्बीण तयार झाली. आता तारीख कुठली घालायची?

१६१० सालचा जानेवारी आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे. पादुआला असताना गॅलिलिओला गुरूचे चंद्र दिसले. पण मी घातली त्याच्या तीन वर्षं पुढची तारीख. ठिकाण फ्लॉरेन्स, २८ जानेवारी १६१३, मध्यरात्रीच्या आधी.

पडद्यावर गुरू आला. आजूबाजूला चार चंद्र. आणि बाजूला, थोडं दूर, दोन अंधुक ठिपके. नावं बंद ठेवली होती. एका ठिपक्यावर क्लिक केलं तर एसएओ ११९२३४, कन्या राशीतला एक सामान्य तारा. ह्याची नोंद फक्त तारकासूचीतच व्हायची, असा. दुसऱ्यावर क्लिक केलं.

नेपच्यून.

अंगावर काटा आला म्हणतात ना, तसंच झालं. नेपच्यूनचा शोध लागला १८४६ साली. आणि इथे १६१३ च्या गोलात तो गुरूच्या पंक्तीला जेवायला बसल्यासारखा बसलाय. २३३ वर्षं आधी.

खरं सांगायचं तर मला हे नव्यानं सापडलेलं नव्हतं. तारीख मी कुठे तरी वाचलेली होती म्हणूनच घातली. पण वाचणं वेगळं आणि त्या तीन बोटांएवढ्या गोलात तो ठिपका बघणं वेगळं. ह्याचं मूळ संशोधन ज्यांनी केलं त्यांची गोष्ट आधी सांगतो, कारण तीही एका अर्थाने सिम्युलेशनचीच गोष्ट आहे.

१९७९ साली स्टीव्हन आल्बर्स यांनी 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात ग्रहांच्या आपापसांतल्या पिधानांची यादी दिली. पिधान म्हणजे एक ग्रह दुसऱ्याला चक्क झाकतो ती वेळ. हा प्रकार फार दुर्मिळ. त्या यादीत होतं की जानेवारी १६१३ च्या पहिल्या आठवड्यात गुरूने नेपच्यूनला झाकलं होतं. चार्ल्स कोवल हे खगोलशास्त्रज्ञ (१९७७ साली कायरन शोधणारे तेच) तेव्हा नेपच्यूनच्या जुन्या नोंदींच्या शोधात होते. त्यांच्या डोक्यात साधा प्रश्न आला: १६१३ च्या जानेवारीत गुरूकडे दुर्बीण लावून कोण बसलं होतं?

उत्तर उघड होतं. तेव्हा नेमाने गुरूची नोंदवही ठेवणारा माणूस म्हणजे गॅलिलिओ. चार चंद्रांची कोष्टकं बनवायची, त्यावरून समुद्रात रेखांश काढायची पद्धत बसवायची, असा त्याचा बेत होता. म्हणून रात्रीमागून रात्री चंद्रांच्या जागा तो टिपत होता. आपल्या भाषेत सांगायचं तर माणूस लॉग ठेवत होता आणि तोही भलताच शिस्तीचा.

कोवल गेले स्टिलमन ड्रेक यांच्याकडे. ड्रेक म्हणजे गॅलिलिओचा सगळ्यात मोठा अभ्यासक. दोघांनी नोंदवही आणि नेपच्यूनची गणिताने काढलेली स्थानं शेजारी ठेवली. २८ डिसेंबर १६१२ च्या पहाटेच्या नोंदीत गुरूपासून दूर एक 'स्थिर तारा' दाखवलेला आहे. गणिताप्रमाणे तिथे नेपच्यून होता. मग २८ जानेवारी १६१३. त्या रात्री गॅलिलिओने गुरूच्या शेजारी दोन तारे दाखवले, एकाला नाव दिलं 'ए', दुसऱ्याला 'बी'. ए म्हणजे तो एसएओ ११९२३४. बी म्हणजे नेपच्यून. १९८० साली दोघांनी हे 'नेचर' आणि 'सायंटिफिक अमेरिकन' मध्ये छापलं.

इथपर्यंत ही नुसती गमतीची गोष्ट आहे. खरा चटका पुढच्या ओळीत आहे. २८ जानेवारीच्या त्या नोंदीत गॅलिलिओने लिहिलंय की बी हा तारा आदल्या रात्रीही दिसला होता, पण तेव्हा हे दोघं एकमेकांपासून जास्त लांब वाटले होते.

पुन्हा वाचा. तारा हललाय असं त्याच्या लक्षात आलं होतं!

मी सॉफ्टवेअरमध्ये हेच करून पाहिलं. २७ जानेवारी, मग २८. एक दिवस पुढे, एक दिवस मागे, पुढे, मागे. गुरू तर पळतच होता, पण ए आणि बी मधलं अंतर बदललेलं मला सहजी कळेना. साधारण एका कलेचा फरक. म्हणजे अख्ख्या गोलाच्या रुंदीच्या पंधराव्या भागाएवढा. आणि मी तर सतरा इंची पडद्यावर, खुर्चीत बसून, पंख्याखाली बघत होतो. हा माणूस जानेवारीच्या थंडीत, कडेला धूसर होणाऱ्या, डोळा जरा इकडेतिकडे झाला की चित्र निसटणाऱ्या नळीतून बघत होता. आणि तरीही त्याला ते जाणवलं. मला वाटतं, नुसत्या नजरेची ह्याहून मोठी परीक्षा क्वचितच कोणी दिली असेल.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण हा खेळ कोणी घरी करायला बसलं तर नक्की अडखळेल.

पहिली गोष्ट वेळेची. तेव्हाच्या इटलीत तास सूर्यास्तापासून मोजायचे. 'रात्रीचा सहावा तास' म्हणजे सकाळचे सहा नव्हेत, सूर्य बुडाल्यानंतर सहा तास. तेव्हा आधी फ्लॉरेन्सचा त्या दिवसाचा सूर्यास्त काढायचा आणि त्यात बेरीज करायची. शिवाय तेव्हा आजचे टाइम झोन नव्हते, स्थानिक सौर वेळ होती. तारखेचं मात्र सोपं आहे. इटलीने ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ सालीच घेतलं होतं, म्हणून तारखा जशाच्या तशा चालतात. इंग्लंडच्या नोंदी असत्या तर दहा दिवसांचा घोळ झाला असता, कारण त्यांनी ते १७५२ मध्ये घेतलं. तारीख-वेळेच्या बग्जमध्ये ज्यांची हयात गेली आहे त्यांना मी काय सांगणार!

आणि वेळ बरोबर घातली की नाही हे तपासायला गॅलिलिओनेच सोय करून ठेवली आहे. गुरूचे चार चंद्र. सगळ्यात आतला आयो दीड-पावणेदोन दिवसांत फेरी पुरी करतो, त्यामुळे तासाभरात त्याची जागा बदललेली दिसते. नोंदवहीतल्या चार ठिपक्यांशी पडद्यावरचे चार ठिपके जुळले की समजायचं, घड्याळ बरोबर लागलं. प्रत्येक नोंदीवर आकाशानेच टाइमस्टॅम्प मारून ठेवलेला आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सॉफ्टवेअर दाखवतं ते 'गॅलिलिओला काय दिसलं' हे नव्हे. ते दाखवतं 'त्या दिशेला काय होतं'. ह्या दोन्हींत फरक आहे. नेपच्यून साधारण आठव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना अंधाऱ्या रात्रीही न दिसणारा. त्या छोट्या भिंगातून तो जेमतेम दिसण्याजोगा होता. पडद्यावर तो ठसठशीत दिसतो म्हणून तिथेही तसाच दिसला असणार असं धरून चालणं चूक. नोंदवही नसती तर ह्या सिम्युलेशनला एका चित्रापलीकडे काही किंमत नव्हती. कोवल आणि ड्रेक यांनाही गॅलिलिओच्या चित्रातली जागा आणि गणिताची जागा यात सुमारे एका कलेचा फरक आढळला होता आणि त्यावर बरीच चर्चा झाली. हाताने काढलेलं चित्र ते, नकाशा नव्हे.

मग प्रश्न उरतो तो हा: हललेला तारा दिसला, तर गॅलिलिओने त्याचा पाठपुरावा का नाही केला?

ह्याचं उत्तर त्याने लिहून ठेवलेलं नाही. पण पडद्यावर त्याच्या अडचणी तरी समजतात. पहिली अडचण नशिबाची. डिसेंबर १६१२ च्या अखेरीस नेपच्यून स्तंभी होता. म्हणजे मार्गी जाता जाता थांबून वक्री व्हायच्या बेतात. पंचांगात आपण वाचतो ना, तेच. २८ डिसेंबरला तो जवळजवळ जागचा हलत नव्हता. महिन्याभराने हलायला लागला, तोही दिवसाला एक कला. दुसरी अडचण गोलाची. गुरू हा त्याचा दिवा होता. गुरूला धरून तो त्या अंधुक ताऱ्यांपर्यंत पोचत होता. गुरू पुढे सरकला की पाव अंशाच्या गोलात तो ठिपका पुन्हा शोधायचा कसा? मी सॉफ्टवेअरमध्ये गुरूचं बोट सोडून नुसत्या अंदाजाने तिथे जायचा प्रयत्न केला. दहा मिनिटं भरकटलो.

आणि तिसरी, सगळ्यात मोठी अडचण म्हणजे त्याच्याकडे नकाशाच नव्हता. आठव्या प्रतीच्या ताऱ्यांचा नकाशा तेव्हा जगात कोणाकडेच नव्हता, असणार कसा? ते तारे पहिल्यांदा दिसायला लागूनच दोन-चार वर्षं झाली होती. गोलात एक अनोळखी ठिपका आला, तर तो मुळात इथलाच की पाहुणा, हे विचारायचं कोणाला? आपल्याला कोडमधला बदल कळतो कारण जुनी प्रत जपून ठेवलेली असते, दोन्हींचा डिफ काढता येतो. गॅलिलिओकडे फक्त आजची प्रत होती. कालचीही होती म्हणा, पण डोक्यात.

हे मी त्याची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही. पुढचा इतिहास हेच सांगतो.

मी तारीख पुढे सरकवली. पॅरिस, ८ मे १७९५. प्रसिद्ध लालांद यांचा पुतण्या मिशेल लालांद ताऱ्यांची मोठी सूची बनवण्याच्या कामात होता. त्या रात्री त्याने एका ताऱ्याची जागा मोजली. १० मे रोजी तीच जागा पुन्हा मोजली तर आकडे जुळेनात. त्याने काय केलं असेल? आपण जे केलं असतं तेच. पहिलं मोजमाप चुकलं असं समजून ते बाद केलं आणि दुसऱ्यापुढे शंकेची खूण केली. १८४७ साली अमेरिकेत सिअर्स वॉकर यांनी नेपच्यूनची कक्षा मागे नेत नेत ह्या सूचीतल्या ताऱ्यावर बोट ठेवलं. मूळ वह्या उघडल्या तेव्हा ८ मे ची बाद केलेली नोंदही निघाली. दोन्ही मोजमापं बरोबर होती. मधल्या दोन दिवसांत ग्रह हलला होता, इतकंच.

टेस्ट फेल झाली की 'टेस्टच फ्लेकी आहे' म्हणून पुढे जाणाऱ्या आपण सगळ्यांनी लालांदला हसू नये.

मग केंब्रिज, ऑगस्ट १८४६. इथे तर ग्रह शोधायचाच म्हणून शोध चालू होता. युरेनसची चाल बिघडतेय, कोणीतरी त्याला ओढतंय, ह्यावरून इंग्लंडमध्ये ॲडम्स आणि फ्रान्समध्ये ल व्हेरिए असं दोघांनी वेगवेगळं गणित मांडलं होतं. जेम्स चॅलिस केंब्रिजच्या मोठ्या दुर्बिणीवर बसले. त्यांच्याकडे त्या भागाचा चांगला नकाशा नव्हता. म्हणून त्यांनी ठरवलं की त्या पट्ट्यातला दिसेल तो तारा नोंदवायचा, पुन्हा एकदा नोंदवायचा आणि मग दोन्ही याद्या ताडून बघायच्या. पद्धत अगदी बरोबर. ४ आणि १२ ऑगस्टला त्यांनी नेपच्यून नोंदवलाही. पण याद्या ताडायचं काम मागे पडलं. नंतर कळलं ते असं की १२ ऑगस्टच्या यादीतले पहिले ३९ तारे त्यांनी ३० जुलैच्या यादीशी ताडून पाहिले आणि थांबले. नेपच्यून होता ४९ वा.

दहा ओळी. फक्त दहा ओळी!

आणि शेवटी बर्लिन, २३ सप्टेंबर १८४६. ल व्हेरिएचं पत्र त्याच दिवशी वेधशाळेत पोचलं. योहान गाले यांनी संचालक एन्के यांची परवानगी काढली. द'आरे नावाचा एक विद्यार्थी मलाही घ्या म्हणून सोबत आला. दुर्बीण फ्राउनहोफरची, नऊ इंची, तेव्हाच्या उत्तम दुर्बिणींपैकी एक. आधी त्यांनी तबकडी दिसतेय का ते बघायचा प्रयत्न केला. तारा ठिपक्यासारखा दिसतो, ग्रहाची इवलीशी तबकडी दिसायला हवी. तसं काही ओळखू येईना. नेपच्यूनची तबकडी दोन-सव्वादोन विकलांची, म्हणजे एका कलेच्या पंचविसाव्या भागाएवढी. माझ्या पडद्यावर नऊ इंचीचे आकडे टाकून बघितलं तर झूम केल्याशिवाय मलाही फरक कळेना.

तेव्हा द'आरेने सुचवलं की नकाशा काढून बघू. बर्लिनची अकादमी त्या काळात आकाशाच्या विषुववृत्ताजवळच्या पट्ट्याचे २४ नकाशे बनवून घेत होती, विषुवांशाच्या प्रत्येक तासाला एक. एकविसाव्या तासाचा नकाशा कार्ल ब्रेमिकर यांनी तयार केला होता. तो छापून झालेला होता, पण बाहेर वाटलेला नव्हता. म्हणजे केंब्रिजला तो पोचला नव्हता, बर्लिनच्या कपाटात मात्र होता. गाले दुर्बिणीला डोळा लावून एकेक तारा सांगत गेले, द'आरे नकाशावर टिकमार्क करत गेला. फार वेळ लागला नाही. गालेंनी एक तारा सांगितला आणि द'आरे म्हणाला, हा नकाशात नाही.

ल व्हेरिएने सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत. दुसऱ्या रात्री पाहिलं तर तो सरकलेला. ग्रह सापडला.

आता चारही चित्रं शेजारी ठेवून बघा. फ्लॉरेन्स, पॅरिस, केंब्रिज, बर्लिन. चौघांच्याही आयपीसमध्ये तोच ठिपका होता. नजर चौघांची चांगली होती. गॅलिलिओची तर सगळ्यांत तेज म्हणावी लागेल. बर्लिनच्या दुर्बिणीहून केंब्रिजची दुर्बीण उलट मोठीच होती. ल व्हेरिएचं गणित नसतं तर बर्लिनमध्ये त्या रात्री कोणी तिकडे बघितलंच नसतं, हे खरंच. पण गणित तर केंब्रिजकडेही होतं. नेमका फरक होता तो टेबलावर पसरलेल्या एका कागदाचा. तिथे आधी काय होतं हे कोणीतरी, कसलाही शोध लागण्याची आशा न ठेवता, कंटाळा न करता टिपून ठेवलं होतं त्याचा.

गंमत अशी की ब्रेमिकरचं नाव शाळेच्या पुस्तकात नसतं. आमच्याकडेही डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याचं नाव रिलीजच्या मेलमध्ये नसतं. असो.

आता माझी फजिती.

१२ एप्रिल २०२२ रोजी गुरू आणि नेपच्यून आकाशात अगदी जवळ आले होते, जेमतेम ६ कलांवर. मीन राशीत. नेपच्यूनला सूर्याभोवती फिरायला जवळजवळ १६५ वर्षं लागतात. म्हणजे गॅलिलिओच्या त्या रात्रीपासून जवळपास अडीच प्रदक्षिणा झाल्या होत्या, म्हणूनच तेव्हा कन्येत आणि आता बरोबर समोरच्या मीनेत. मला तेव्हा हा हिशोब काही माहीत नव्हता. नेपच्यून कधी पाहिला नव्हता आणि गुरूच्या शेजारी सापडायला सोपा, एवढंच डोक्यात होतं. म्हणून १३ तारखेच्या पहाटे दोघं मित्र दुर्बीण गाडीत टाकून सासवडच्या पुढे एका माळावर गेलो.

एप्रिलची धुरकट पहाट. गुरू क्षितिजावरून जेमतेम वर आलेला आणि त्याच्या मागोमाग उजाडायला लागलेलं. हातात वीस-पंचवीस मिनिटं. गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडा, त्यावर स्टेलॅरियम. पडद्यावर नेपच्यून गुरूच्या एका बाजूला दाखवत होता. मी दुर्बिणीत त्या बाजूला बघत राहिलो. काही नाही. दुसऱ्या बाजूला एक अंधुक ठिपका मधूनच दिसत होता, मधूनच जात होता. मित्र म्हणाला, "अरे तो नाही का?" मी ठामपणे सांगितलं, "नाही रे, तो कुठला तरी तारा असेल. ह्या बाजूला पाहिजे." मग उजाडलं. टपरीवर चहा घेतला आणि 'धुक्यामुळे गेला' असं स्वतःला समजावत परत आलो. सवयीने वहीत गुरू, चंद्र आणि तो ठिपका पेन्सिलीने काढून ठेवला होता, तेवढंच.

मागच्या पावसाळ्यात गॅलिलिओचे आकडे भरताना त्या 'आडवं उलटा, उभं उलटा' खुणांवर माउस गेला आणि मी जागीच थांबलो. माझ्या दुर्बिणीत चित्र पूर्ण उलटं दिसतं. वरचं खाली, डावं उजवीकडे. त्या पहाटे घाईत ह्या खुणा केल्याच नव्हत्या. पडदा सुलट दाखवत होता, दुर्बीण उलटं.

वही शोधली. सुदैवाने रद्दीत गेली नव्हती. स्टेलॅरियममध्ये सासवड, १३ एप्रिल २०२२, पहाटेची वेळ, माझी दुर्बीण, २५ चा आयपीस आणि ह्या वेळी दोन्ही खुणा करून. चित्र फिरलं. वहीतले चंद्र पडद्यावरच्या चंद्रांशी जुळले. आणि मी ज्याला 'कुठला तरी तारा' म्हटलं होतं त्या ठिपक्याच्या जागी नेपच्यून होता.

मित्राला रात्री अकराला फोन केला. त्याने आधी शिव्या घातल्या, मग म्हणाला, "मी तेव्हाच सांगत होतो."

सांगत होताच तो. त्याला ठिपका दिसला होता, मलाही दिसला होता. माझ्याकडे गॅलिलिओकडे नव्हता तो नकाशा होता, त्या माळावर, बॉनेटवर, झगझगीत पडद्यावर. आणि तो मी उलटा धरला होता. नकाशा असून भागत नाही, तो आपण बघतोय त्याच्याशी जुळवून घ्यावा लागतो. आणि जुळला नाही तर चूक ठिपक्याची आहे असं लगेच धरायचं नसतं. लालांदने नेमकं तेच धरलं, मीही तेच धरलं.

एक गोष्ट मात्र त्या पहाटे आम्ही बरोबर केली. ज्याचा अर्थ लागत नव्हता तो ठिपकाही वहीत काढून ठेवला. गॅलिलिओने बी काढून ठेवला नसता, जास्त लांब वाटला होता ही ओळ लिहिली नसती, तर ३६७ वर्षांनी कोवल आणि ड्रेक यांना हातात काय मिळालं असतं? लालांदची बाद नोंद फाडून टाकली गेली असती तर? जुळत नाही ते खोडायचं नाही, लिहून ठेवायचं. कधी ना कधी कोणीतरी त्याच्याजवळ बरोबर नकाशा धरेल.

ह्या शनिवारी पाऊस असेल आणि करण्यासारखं दुसरं काही नसेल तर बघा करून. फ्लॉरेन्स, २७ जानेवारी १६१३, पाव अंशाचा गोल, सगळी नावं बंद. मग एक दिवस पुढे न्या. दोन ठिपके जवळ आलेले कळतायत का बघा. नाही कळले तर निराश होऊ नका.

त्याला कळले होते.